अकोल्याच्या उन्हात गच्चीवरच्या कुंड्या

शाळेच्या प्रयोगशाळेत मी 34 वर्षं परिचर होतो. मुलांनी फोडलेल्या परीक्षानळ्या झाडल्या, ब्युरेट धुतले आणि निवृत्त होताना एक खोड घरी घेऊन आलो. एखादी गोष्ट पटली नाही की मी ती मोजून बघतो. बायको म्हणते, "तुमचं सगळं मापात, फक्त बोलणं सोडून."

गेल्या मे महिन्यात एका दुपारी तीन वाजता डोक्याला ओला दुपट्टा बांधून थर्मामीटर घेऊन गच्चीवर गेलो. सावलीत हवा 44 अंश होती. पूर्वेच्या कठड्याला लागून तीन भांडी होती. तिन्हींत मिरची, तिन्हींना सकाळी सारखंच पाणी दिलेलं. मातीत आधी स्क्रू-ड्रायव्हरने भोक पाडलं, मग काचेची नळी चार बोटं आत सरकवली आणि पाच मिनिटं थांबलो. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत उन्हाच्या अंगाला 51 भरलं. मातीच्या कुंडीत 41. औषधांच्या दुकानातून मागून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यात 36. काळ्या कुंडीतल्या मिरचीने मान टाकलेली, थर्माकोलमधली ताठ उभी.

शेजारच्या काकू त्यांच्या गच्चीवरून ओरडल्या, "भाऊ, तुमची मिरची सुकून राह्यली ना! पानी टाका तिले."

पाणी होतंच. बोट घालून पाहिलं तर माती ओली लागत होती. पण मातीचं तापमान 40 च्या आसपास गेलं की बहुतेक झाडांची मुळं काम आखडतं घेतात. पाणी समोर असून ती ओढत नाहीत, आणि वर पानं तर उन्हात पाणी उडवतच असतात. जमिनीतल्या झाडाची मुळं खाली गारव्याला जाऊ शकतात, कुंडीतलं झाड बिचारं जाणार कुठे? म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की अकोला, नागपूर, जळगावसारख्या ठिकाणी कुंडीतलं झाड वाचवायचं तर आधी कुंडी थंड ठेवा. पाण्याचं नंतर बघू.

हे मला फुकटात कळलेलं नाही. 2019 च्या उन्हाळ्यात माझ्याकडे चार वर्षांचं कागदी लिंबू होतं, अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये लावलेलं. दुपारी पानं लोंबली की मी पाणी घालायचो. दिवसातून तीनदा. आठ दिवसांत पानं पिवळी पडली, मी आणखी पाणी घातलं. शेवटी ड्रम आडवा केला तर आतून गटारीसारखा वास आला. मूळ बोटांत धरून ओढलं तर भिजवलेल्या शेंगदाण्याचं साल निघावं तशी त्याची साल हातात आली. उन्हाळ्यात झाड तहानेनं मेलं असंच सगळे समजतात. माझं लिंबू बुडून मेलं.

तेव्हापासूनचा नियम असा की दुपारी लोंबलेल्या झाडाला लगेच पाणी नाही. सात वाजता परत बघायचं. ऊन उतरल्यावर पानं आपोआप उभी राहिली तर झाड ठीक आहे. संध्याकाळीही लोंबलेलंच असेल तर मातीत बोट घालायचं, दोन पेरं आत. कोरडं लागलं तर पाणी द्यायचं. ओलं लागलं तर मुळांत बिघाड आहे, कुंडी सावलीत ओढायची आणि हात बांधून बसायचं. हात बांधून बसणं हे यातलं सर्वांत अवघड काम आहे.

कुंडीला कपडे घाला

काळ्या कुंड्या आणि नर्सरीच्या काळ्या पिशव्या सगळ्यांच्याच गच्चीवर असतात, माझ्याही आहेत. त्या फेकून द्यायची गरज नाही. सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. भिजवलेला चुना, त्यात थोडा डिंक, आणि बाहेरून दोन हात. आतून लावू नका, मातीत चुना उतरला तर मोगरा, जास्वंद पिवळे पडतात. नुसत्या चुन्याने माझ्या कुंडीतलं तापमान चार-पाच अंशांनी उतरलं.

त्याहून चांगला बारदाना. धान्याच्या दुकानात तागाची जुनी पोती मिळतात. एक पोतं उभं फाडलं की दोन कुंड्या होतात. कुंडीला गुंडाळायचं, सुतळीने बांधायचं आणि सकाळी पाणी देताना तेही भिजवायचं. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे ओला बारदाना माठासारखा गार होतो. कोकणातल्या मेहुण्याने हाच प्रयोग केला तर त्याच्या पोत्याला बुरशी आली. हा आपल्या कोरड्या मुलखाचा उपाय आहे, दमट हवेत याचा उपयोग नाही.

कूलरच्या ताट्यांचं जुनं गवत दरवर्षी मार्चमध्ये बदलतो. ते टाकू नका, कुंडीभोवती जाळीत भरून त्याची झूल करा. फक्त मातीवर पसरू नका. त्यात हंगामभराचा क्षार बसलेला असतो, तो मातीत उतरतो.

कुंडीत कुंडी हाही जुना प्रकार. छोटी पिशवी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवायची, मधल्या जागेत वाळू किंवा वाळका पाला. आणि थर्माकोलच्या खोक्याबद्दल तर मी आता प्रचारकच झालो आहे. दिसायला भिकार, पण पालेभाजी आणि मिरचीला त्याच्यासारखं घर नाही. तळाला बोटाएवढी सहा भोकं पाडा. एकाच खोक्याला भोकं पाडायची विसरलो होतो, त्याचं काय झालं ते वरच्या लिंबावरून ओळखा.

गच्चीची फरशी रात्री दहापर्यंत तापलेली असते. कुंडी थेट फरशीवर ठेवू नका, खाली दोन-दोन विटा घाला. हवा खेळते आणि तळाची भोकंही बुजत नाहीत. कुंड्या एकमेकींना चिकटवून घोळक्यात ठेवा, मोठ्या बाहेर, लहान मध्ये. बाहेरच्यांनी ऊन खायचं, आतल्यांनी सावली. मात्र हा घोळका गच्चीच्या मधोमध करू नका. ओली माती फार जड असते, भिंत किंवा तुळई जिथे असेल त्याच्यावर ठेवा.

मातीवर आच्छादन हवंच. आमच्याकडे सोयाबीन-तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, खेड्यातून सहज मिळतं, मी ते चार बोटं जाड घालतो. बुंध्यापासून दोन बोटं लांब ठेवायचं, नाहीतर बुंधा कुजतो. कुटार नसेल तर वाळका पाला, उसाचं चिपाड, नारळाच्या शेंड्या, काहीही चालतं. हरभऱ्याच्या कुटारात उंदीर येतात, हा स्वानुभव.

सावलीचं गणित

कठड्याची सावली मिळेल म्हणून लोक कुंड्या पूर्वेच्या कठड्याला टेकवतात. सकाळी तिथे सावली असतेही. पण दुपारी एकनंतर तोच कठडा पश्चिमेच्या उन्हाला समोर येतो आणि तव्यासारखा तापतो. माझी 51 अंशवाली कुंडी तिथलीच. उन्हाळ्यात कुंड्या पश्चिमेच्या कठड्याच्या आतल्या अंगाला आणा. त्यांना सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि तीननंतर सावली.

भर दुपारी मात्र कुठलाच कठडा कामाला येत नाही. मेच्या चौथ्या आठवड्यात अकोल्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस तेव्हाच. म्हणून वरून जाळी लागतेच. भाज्यांना आणि फुलझाडांना 50 टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी, शोभेच्या पानांच्या झाडांना 75 टक्क्यांची. 90 टक्क्यांची घेऊ नका, भेंडी नुसती उंच होते आणि फूल धरत नाही. जाळी झाडांपासून निदान तीन-चार फूट वर हवी. झाडांच्या डोक्यावर टेकवली तर खाली वाफ कोंडते. पैसे खर्चायचे नसतील तर जुनं सुती लुगडं बांधा, दोन महिने निघतात.

बांधताना एका बाजूला सरकगाठ ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी अचानक वादळ सुटतं. पहिल्या वर्षी मी चारही बाजूंनी पक्क्या गाठी मारल्या होत्या. जाळी बांबूंसकट उडाली आणि दोन घरं पलीकडच्या डिशला जाऊन गुंडाळली गेली. त्या घरात तेव्हा आयपीएलची मॅच चालू होती. त्यांचं आमचं बोलणं पोळ्यापर्यंत बंद होतं.

पाणी, आणि कोणतं पाणी

आमच्या भागात उन्हाळ्यात नळ तीन-चार दिवसांनी येतो. काटेपूर्णा धरणातलं गोड पाणी. मी 200 लिटरचे दोन ड्रम भरून ठेवतो, तोंडाला सुती कापड बांधून. कापड नसेल तर आठवड्यात डासांच्या अळ्या होतात आणि डेंग्यू घरात येतो.

पाणी पहाटे साडेपाच ते सात या वेळात द्यायचं. एकदम ओतून पुढे जायचं नाही. आधी प्रत्येक कुंडीला थोडं थोडं देत फेरी मारायची, माती नुसती ओलसर होईल एवढं. शेवटच्या कुंडीपर्यंत दहा मिनिटं जातात, मग पुन्हा पहिल्यापासून पोटभर, तळातून चार थेंब बाहेर येईपर्यंत. तापून आवळलेली माती पहिलं पाणी पीत नाही, ती दुसऱ्या फेरीला पिते. 12 इंची कुंडीला मेमध्ये साधारण दोन-अडीच लिटर लागतं, म्हणजे मोठे दोन तांबे. संध्याकाळी सातनंतर फक्त लहान कुंड्या, पुदिना आणि भेंडी. बाकीच्यांना बोट घालून बघितल्याशिवाय नाही.

पाइपचं पहिलं पाणी हातावर घेऊन बघा. एकदा सकाळी उशीर झाला, नऊ वाजता पाइप सुरू केला आणि उन्हात पडलेल्या त्या पाइपातलं कढत पाणी सरळ वांग्याच्या रोपांवर गेलं. चाळीस रोपं वाफवून निघाली. काळ्या टाकीचं दुपारचं पाणीही तसंच असतं.

कधी कधी पाणी ओतलं की लगेच तळातून वाहतं आणि आपण समजतो की कुंडी भरली. नीट बघा, माती कडेपासून सुटलेली असते आणि पाणी त्या फटीतून पळतं. मधला गोळा कोरडा ठणठणीत. मातीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असेल तर हे हमखास होतं. ती कुंडी उचलून घमेल्यातल्या पाण्यात बसवायची. आधी मोठे बुडबुडे येतात, मग बारीक, मग सोडावॉटरसारखी एक रेघ. ती रेघ थांबली की काढायची. लहान कुंडीला वीस मिनिटं, मोठीला तासभरही लागतो.

आता खाऱ्या पाण्याचं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आमच्या जिल्ह्यातूनच जातो आणि आमच्या बोअरचं पाणीही जड आहे. उन्हाळ्यात हेच पाणी रोज दिलं की पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो, पानांची टोकं भाजल्यासारखी तपकिरी होतात. लोक त्याला ऊन लागलं म्हणतात. काठावरचा थर बोटाने खरवडून जिभेवर टेकवा, कळेल. उपाय म्हणजे वरची इंचभर माती खरवडून काढायची आणि पंधरा दिवसांतून एकदा नळाचं गोड पाणी नेहमीच्या दुप्पट देऊन क्षार तळातून वाहून जाऊ द्यायचे.

याच कारणाने कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालू नका. कूलर दिवसभर पाणी उडवतो आणि क्षार टाकीत साठवतो, म्हणजे खारं पाणी आणखी खारं करून ठेवतो. माझी दोन जास्वंदं या काटकसरीत गेली. आरओच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्याचंही तसंच, त्याने फरशी धुवा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र हवेतलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. मुलाच्या खोलीतला एसी रात्रभरात बादलीचा तळ झाकेल एवढं पाणी देतो, ते माझ्या मोगऱ्याचं. बायकोचं यावर म्हणणं असं की घरात एसीच्या हवेला पैसे आपण मोजायचे आणि तीर्थ मोगऱ्याने प्यायचं.

लग्नाला जायचं असेल तर

मे महिना म्हणजे लग्नं, आणि लग्न म्हणजे चार दिवस गच्ची वाऱ्यावर. शेजारच्या पोराला पन्नास रुपये देऊन बघितलं, तो रात्री अकराला सगळ्या कुंड्यांत आंघोळीला घालतो तसं पाणी घालून मोकळा झाला.

आता मी संक्रांतीची सुगडं वापरतो. पूजा झाल्यावर ती अशीच पडून असतात. कुंडीच्या मातीत गळ्यापर्यंत पुरायची, पाण्याने भरायची, वर पणती झाकण म्हणून ठेवायची. मडक्याच्या अंगातून पाणी पाझरतं आणि मुळं त्याच्याभोवती येऊन बसतात. रंगवलेलं सुगड चालत नाही, रंगाने छिद्रं बुजतात. पुरण्याआधी रात्री पाण्याने भरून परातीत ठेवा. सकाळी बाहेरून हाताला ओल लागली तर कामाचं. सुगड लहान, ते दोन दिवस पुरतं. मोठ्या ड्रमला कुंभाराकडचं तीन-चार लिटरचं मडकं घ्या. त्यात शक्यतो गोड पाणीच घाला, खाऱ्या पाण्याने दोन हंगामांत ते पाझरायचं थांबतं.

मडकं पुरताना झाड मोठं असेल तर मुळं तुटतात, म्हणून हे काम थंडीतच, कुंडी भरताना करायचं. उन्हाळ्यात सुचलं असेल तर त्या वर्षापुरतं सगळ्या कुंड्या जिन्याच्या सावलीत आणा, भिजवा, घोळका करा आणि मध्ये पाण्याच्या दोन बादल्या ठेवा. बादलीतून कुंडीत जाड सुती वात सोडायची, एक टोक पाण्यात, दुसरं मातीत बोटभर खोल. बादली कुंडीपेक्षा उंच हवी.

बाकीचं थोडक्यात

मेमध्ये खत नाही. युरिया तर हातातही धरू नका. मोगरा फुलत असतो, त्याला मूठभर जुनं शेणखत, तेही ओल्या मातीत. छाटणी नाही, कुंडी बदलणं नाही. वाळलेली पानं दिसायला वाईट, पण ती खालच्या फांद्यांना सावली करतात, राहू द्या.

टोमॅटोची फुलं गळतात. एवढ्या उष्णतेत परागच निकामी होतात, त्यावर कुठली फवारणी नाही. झाड जगवा, हवा गार झाली की ते पुन्हा धरेल. कोथिंबीर पेरू नका, उगवली तरी चार दिवसांत करपते. गवार, भेंडी, चवळी, गवती चहा, सदाफुली, चिनी गुलाब आणि बोगनवेल या उन्हाला भीत नाहीत.

मिरची-वांग्याची पानं धुरकट, बारीक ठिपक्यांची दिसू लागली तर पान पांढऱ्या कागदावर झटका. सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके चालायला लागले तर तो लाल कोळी. कोरड्या उष्ण हवेत तो झपाट्याने वाढतो. पानांच्या खालच्या बाजूला सकाळी पाण्याचा जोरदार फवारा, तीन दिवस ओळीने. भागलं नाही तर लिटरभर पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब, संध्याकाळी सहानंतरच. हे उन्हात फवारलं तर कोळी राहतो आणि पान जातं.

पक्ष्यांसाठी पाण्याची एक परात गच्चीवर ठेवा. दयेची गोष्ट बाजूला ठेवली तरी, परात नव्हती त्या वर्षी खारीने माझी ठिबकची नळी सात ठिकाणी कुरतडली होती.

25 मेच्या सुमारास रोहिणी लागते आणि नवतपा सुरू होतो. त्या नऊ दिवसांत मी गच्चीवर नवीन काहीही करत नाही. मग मृगाचा पाऊस येतो. पहिल्या सरीनंतर विटांवरच्या कुंड्यांची तळाची भोकं काडीने मोकळी करा, कुटार कुजायला लागलं असेल तर अर्धं काढा. जाळी मात्र लगेच उतरवू नका. पावसाने ओढ दिली की तेच ऊन परत येतं आणि सावलीत फुटलेली कोवळी पानं एका दुपारीत भाजतात. मी आधी संध्याकाळची बाजू गुंडाळतो, आठवड्याने वरची. 20 जूनच्या पुढे जाळी धुऊन, वाळवून, जिन्यातल्या खुंटीला टांगतो. खाली ठेवली की उंदीर कुरतडतात.